28 हजारांची की 92 हजारांची?

दादा, नमस्कार. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वय 27. चार वर्षं ॲकूस्टिक गिटार वाजवतेय, आता ब्लूज शिकायचंय, त्यासाठी इलेक्ट्रिक घ्यायची आहे. दोन वर्षांत 95 हजार रुपये साठवलेत. पुण्याला जाऊन एकाच दुकानात फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या तीन गिटारी पाहिल्या. स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) ॲफिनिटी 28 हजार, स्क्वायर क्लासिक व्हाइब 50 हजार आणि मेक्सिकोत बनलेली फेंडर प्लेयर टू 92 हजार. खरं सांगते, आवाजात मला फारसा फरक कळला नाही. पण महागडी हातात घेतल्यावर खाली ठेववेना. आमचे सर म्हणतात, स्वस्त घेशील तर दोनदा घेशील. भाऊ म्हणतो, सगळे नावाचे पैसे, दिसायला तिन्ही सारख्याच. एकाच आकाराच्या दोन गिटारींमधला 64 हजारांचा फरक जातो कुठे? मी कोणती घेऊ? माझे हात लहान आहेत, तेही सांगून ठेवते.
– एक वाचक, मिरज

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. मधली घे, क्लासिक व्हाइब. पण दुकानदार पहिली जी पुढे करेल ती उचलू नकोस. त्याच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढायला लाव आणि त्यांतली एक निवड. उरलेल्या 45 हजारांतले 15 हजार ॲम्पसाठी ठेव, दोन-अडीच हजार सेटअपसाठी (म्हणजे तारांची उंची, नेक आणि सूर कारागिराकडून नीट बसवून घेण्यासाठी), थोडे केबल, पट्टा आणि तारांसाठी. बाकीचे बँकेत असू देत.

आवाजात फरक कळला नाही आणि हाताला मात्र कळला, असं तू लिहिलंयस. तुझी ही दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत, आणि तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांतच आहे.

मिरजेत राहतेस म्हणून तुला हे सांगणं मला सोपं जातंय. तंबोऱ्यात भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली बोलतात. पंढरपूरकडचा भोपळा किती वाळलाय, त्याची साल किती जाड आहे, यावर तुमच्या गल्लीतले कारागीर तासभर बोलतील आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असेल. स्ट्रॅटोकास्टरची बॉडी मात्र भरीव लाकडाची. तिच्या पोटात हवा घुमत नाही. पोलादी तार हलते, तिच्याखाली चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे साधारण 8,000 वेढे दिलेलं पिकअप असतं, तारेच्या हालचालीने त्यात वीज उमटते आणि ॲम्पमधून आवाज होऊन बाहेर पडते. या प्रवासात लाकडाचा वाटा थोडा. त्यातून दुकानातल्या ॲम्पचा गेन, म्हणजे आवाज फाटका-खरखरीत करणारी कळ, वाढवलेला असेल तर 28 हजार आणि 92 हजार एकाच रंगात न्हाऊन निघतात.

आता भोपळा सोड आणि जवारी आठव. घोडीवर तार जिथे टेकते ती जागा कानसीने हळूहळू घासत नेल्याशिवाय तंबोरा बोलत नाही. भोपळा कितीही उत्तम असो, जवारी बसली नसेल तर तार मुकी राहते. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात मान मिळाला तो या हातांना. गिटारमध्ये अशा जागा तीन आहेत: डोक्याकडचा नट (तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी), नेकवरचे म्हणजे दांडीवरचे फ्रेट (धातूचे पडदे) आणि खालच्या ब्रिजवर तारा जिथे टेकतात त्या सॅडल. माझ्या मते तुझ्या 64 हजारांतला मोठा हिस्सा या तीन जागांवर किती वेळ हात फिरला आणि तो हात कोणत्या देशातला होता, याचा आहे.

बाकी काम हल्ली यंत्रंच करतात. बॉडी आणि नेक संगणकावर चालणाऱ्या कटरने कापले जातात, स्वस्तातल्याचेही आणि महागातल्याचेही. म्हणूनच आजची 28 हजारांची गिटार मी शिकायला लागलो तेव्हाच्या स्वस्त गिटारींपेक्षा कितीतरी बरी आहे. शिवाय स्ट्रॅटोकास्टरची रचनाच जुळणीची. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. 1954 साली त्यांनी ही गिटार बाजारात आणली तेव्हा नेक सरळ चार स्क्रूंनी बॉडीला जोडली होती, म्हणजे काही बिघडलं तर भाग काढून बदलता यावा. ही सोय आजही तुझ्या उपयोगाची आहे. नट बदलता येतो, पिकअप बदलता येतात, खुंट्या बदलता येतात. एक नेक तेवढी चांगली असावी लागते. म्हणून गिटार निवडताना पैसे नेकला द्यायचे.

मी हे एवढं लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. माझी पहिली इलेक्ट्रिक मी कॉलेजात असताना घेतली, हाताशी होते तेवढ्या पैशांत. मोकळ्या तारा ट्यूनरवर बिनचूक लागायच्या, पण डी किंवा ए कॉर्ड धरला की काहीतरी आंबट व्हायचं. पुन्हा लावायचो, पुन्हा तेच. दोन वर्षं मी समजत होतो की माझाच कान कच्चा आहे. लोकांसमोर वाजवणं बंद केलं. मग मुंबईत एका दुरुस्ती करणाऱ्यांनी गिटार हातात घेतली, तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते मला दाखवलं. नटच्या खाचा उथळ होत्या. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती नको इतकी ताणली जायची आणि सूर चढायचा. त्यांनी वीसेक मिनिटं खाचा घासल्या. त्या रात्री घरी येऊन मी दोन वाजेपर्यंत नुसता डी कॉर्ड वाजवत बसलो होतो. माझा कान ठीक होता. ती दोन वर्षं मात्र गेली ती गेली, आणि तुझी तशी जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्या तीन गिटारी. ॲफिनिटीची बॉडी पॉप्लर लाकडाची, पिकअप सिरॅमिक चुंबकांचे. प्लेयर टूची बॉडी सहसा अल्डरची, पिकअप अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घालून केलेल्या चुंबकांचे. सिरॅमिक जरा टोकदार बोलतात, अल्निको थोडे मऊ. क्लासिक व्हाइबमध्येही अल्निकोच आहेत, आणि नट हाडाचा. म्हणजे आवाजापुरतं बोलायचं तर 28 वरून 50 वर जाताना जी उडी आहे ती 50 वरून 92 वर जाताना उरत नाही. मला तरी डोळे मिटून या शेवटच्या दोघींतली कोणती हे दरवेळी सांगता येईल असं वाटत नाही.

तुझ्या हाताला जे कळलं ते वेगळं. प्लेयर टूच्या फ्रेटबोर्डच्या कडा गोलसर घासलेल्या असतात, वर्षानुवर्षं वाजवून झिजल्यासारख्या. फ्रेटची टोकं तळहाताला बोचत नाहीत. नेकची पाठ मॅट असते, अंगठा अडकत नाही. हा आराम खरा आहे, नावाचा नाही, हे भावाला सांग. क्लासिक व्हाइबची नेक चकचकीत लॅकरची असते आणि मे महिन्यात घामेजल्या हाताला ती चिकटते. तुला ते खुपलं तर अगदी बारीक पॉलिश पेपरने नेकची पाठ मॅट करता येते, सेटअप करणाराच करून देईल.

फ्रेटबोर्डच्या लाकडाबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण तिथे आपल्याकडचं झाड येतं. प्लेयर टूच्या बऱ्याच गिटारींवर रोझवूड असतं. रोझवूड म्हणजे शिसवाच्या कुळातलं लाकूड. 2017 पासून या कुळातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नोंदी आल्या, तेव्हा कंपन्यांनी स्वस्त गिटारींसाठी दुसरी लाकडं शोधली. त्यांतलं एक ‘इंडियन लॉरेल’. तुझ्या ॲफिनिटीच्या कागदावर लॉरेल लिहिलेलं असेल. हे लॉरेल म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत ज्याची मगरीच्या पाठीसारखी साल आपण पाहतो, भंडारा-गडचिरोलीकडे ज्याच्या पानांवर टसरचे किडे वाढवतात, तोच. पुढे 2019 मध्ये तयार वाद्यांना त्या नोंदींतून सूट मिळाली आणि रोझवूड काही मॉडेलवर परतलं. दुकानात कोणी ‘लॉरेल म्हणजे हलकं लाकूड’ असं म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. ऐन कठीण असतो. कधी कोरडा दिसतो, वर्षातून एक-दोनदा खोबरेल सोडून कुठलंही फ्रेटबोर्डसाठीचं तेल हलक्या हाताने लावायचं.

फ्रेट मात्र बारकाईने बघ. सतारीचा पडदा बेसूर वाटला तर दोरा सैल करून सरकवता येतो. गिटारचा फ्रेट ठोकून बसवलेला, तो हलत नाही. एकवीस-बावीसांपैकी एक जरी शेजाऱ्यांपेक्षा कणभर उंच राहिला तर तार त्यावर घासून बझ, म्हणजे झणझणाट होतो. मग दुकानदार तारा उंच करून तो बझ लपवतो, आणि तारा उंच झाल्या की तुझ्यासारख्या लहान हाताला बेंड करणं, म्हणजे तार बोटाने आडवी ओढून सूर चढवणं, जड जातं. ब्लूज शिकायचंय म्हणतेस, म्हणजे तुझी निम्मी साधना बेंडचीच असणार. स्वस्त मॉडेलमध्ये एक गिटार अप्रतिम निघते आणि तिच्याच शेजारची रडकी. महाग मॉडेलमध्ये रडकी निघायची शक्यता कमी. जास्तीचे पैसे भरून तू ही खात्री विकत घेतेस. आणि ही खात्री दुकानात अर्धा तास घालवून तू बरीचशी स्वतःही मिळवू शकतेस, म्हणून मी तुला मधली सांगतोय.

तो अर्धा तास असा घालव. जाताना मोबाइलमध्ये ट्यूनर आणि पर्समध्ये मिलिमीटरची पट्टी ने. आधी ॲम्पला न जोडता वाजव. मोकळ्या तारा लावून घे, मग प्रत्येक तारेचा पहिला फ्रेट नेहमीच्या दाबाने दाबून ट्यूनर बघ. काटा चढला तर नट उंच आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीडच्या आसपास अंतर असावं. मग सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, एकेक सूर, घाई न करता. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. बारा ते पंधराव्या फ्रेटवर सगळ्यांत बारीक दोन तारा पूर्ण सुराने बेंड कर. सूर मध्येच गुदमरला तर ती गिटार खाली ठेव. बेंडनंतर मोकळी तार पुन्हा तपास. उतरली असेल तर सगळे खुंट्यांना दोष देतात, पण बहुतेक वेळा तार नटच्या खाचेत अडकलेली असते. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज आला तर ओळख पटली. शेवटी तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरव. ॲम्प याच्या नंतर. गेन शून्यावर, स्वच्छ आवाज. तेव्हा कान पुन्हा लाव, मागच्या वेळी न कळलेलं कदाचित कळेल.

आवाजाचा विषय निघाला म्हणून ॲम्प. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि 92 हजारांची घेतलीस तर त्यासाठी तीन हजार उरतात. उत्तम गिटार आणि भिकार ॲम्प या जोडीपेक्षा मध्यम गिटार आणि बरा ॲम्प ही जोडी कधीही चांगली वाजते. तुझ्यासारखी घरात वाजवणारी असेल तर हेडफोनचं भोक असलेला छोटा ॲम्प पुरतो. बॉसचा कटाना मिनी ऐकून बघ. लॅपटॉप असेल तर त्याला गिटार जोडून देणारा छोटा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेसही चालेल.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे घरी आल्यावर गिटार खराब आहे असं वाटणार नाही. स्ट्रॅटचे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे पिकअप घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतात. 92 हजारांचीही पकडते. तारांना हात लावला की ती घरघर कमी होते, हे ठीक. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, चुरचुरलं, तर ताबडतोब ॲम्प बंद करून इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घे. जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची वायरच नसल्याचं मी स्वतः पाहिलंय. ॲम्पची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नकोस.

लहान हातांबद्दल. स्ट्रॅटची तारेची लांबी, नट ते ब्रिज, 648 मिलिमीटर. लेस पॉल घराण्यातली, म्हणजे गिब्सन किंवा तिची स्वस्त बहीण एपिफोन, साधारण 628. हे 20 मिलिमीटर कमी झाले की त्याच सुराला तार सैल लागते आणि फ्रेट जवळ येतात. एकदा एपिफोन हातात घेऊन बघच. मात्र बहुतेक लेस पॉल वजनाला जड, आणि तिच्यातल्या हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा आवाज जाड. तुला ज्या स्वच्छ, काचेसारख्या आवाजाचा ब्लूज खुणावतोय तो स्ट्रॅटचाच असेल तर स्ट्रॅटवरच राहा आणि 9 ते 42 च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) बारीक तारा लाव. हात चार महिन्यांत सरावतो. 50 हजार ही रक्कम घरात फारच टोचत असेल तर यामाहाची पॅसिफिका 112 व्ही बघायला हरकत नाही. अल्डरची बॉडी, अल्निको पिकअप, ब्रिजजवळ हंबकर आणि नॉब ओढला की तोच सिंगल कॉइल. दिसायला साधी, पण मी पाहिलेल्या पॅसिफिकांचं फ्रेटचं काम नीट असतं. ॲफिनिटीऐवजी मी ही सुचवेन.

सरांचं ‘दोनदा घेशील’ हे म्हणणं ॲफिनिटीबाबत बऱ्याच अंशी खरं ठरतं. पण पूर्ण पैसे घालून प्लेयर घे असं त्यातून निघत नाही. सरांना एक विचार: त्यांच्या ओळखीत कोणी जुनी मेक्सिकन फेंडर विकतंय का? चांगल्या हातातली वापरलेली गिटार, सरांनी वाजवून पाहिलेली, 55-60 हजारांत मिळाली तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि ती घे. अनोळखी माणसाकडून, फक्त फोटो पाहून मात्र नको. नामांकित गिटारींच्या नकला बाजारात फिरतात आणि हेडस्टॉकवरचं, म्हणजे गिटारच्या डोक्यावरचं नाव छापणं हे त्यांतलं सगळ्यात सोपं काम असतं. भाऊ नावाबद्दल म्हणतो ते इथे उपयोगी पडेल. स्क्वायर हे खरं तर तारा बनवणाऱ्या एका जुन्या अमेरिकन कंपनीचं नाव, फेंडरने ती 1965 मध्ये विकत घेतली आणि जपानी नकलांशी टक्कर द्यायला 1982 पासून ते नाव गिटारींवर लावलं. त्यामुळे स्क्वायर लिहिलंय म्हणून ओशाळायचं काही कारण नाही.

आणि तरीही प्लेयर टू डोळ्यांसमोरून हलत नसेल तर? ती खाली ठेववेना असं तू लिहिलंस, ते मी तीनदा वाचलं. जी गिटार बोलावते ती रोज हातात घेतली जाते, हे मी नाकारणार नाही. तसं असेल तर आणखी सहा महिने थांब, ॲम्प आणि सेटअपचे पैसे वेगळे जमव आणि मग घे. सगळी शिल्लक एका दिवशी दुकानात रिकामी करून मात्र घरी येऊ नकोस.

घेतलेली गिटार आल्यावर महिनाभर मिरजेच्या हवेत राहू दे, मग सेटअप कर. लाकूड नव्या हवेला सरावायला वेळ घेतं. पावसाळ्यात नेक थोडी हलेल, तिच्या आतली धातूची दांडी, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा फिरवून ती जागेवर येते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात फ्रेटची टोकं हाताला लागायला लागली तर घाबरू नकोस. लाकूड आक्रसतं, धातू आक्रसत नाही. टोकं घासून घेतली की काम झालं. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसायच्या आणि पावसाळ्यात गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची.

नट कधी बदलावा लागलाच तर पुण्याला धावण्याआधी तुमच्याच गल्लीत विचार. हाड घासून तारेखाली बसवणं तिथल्या हातांना नवं नाही. फक्त खाचांची मापं लिहून दे, बारीक तारेपासून जाडीकडे, इंचाच्या हजाराव्या भागात: 9, 11, 16, 24, 32, 42. खाच तारेपेक्षा अगदी किंचित रुंद, आणि उतार खुंट्यांच्या बाजूला.